इसिदोराचं पोट कधीच दुखत नाही

दर शनिवारी अकराच्या सुमाराला समोरच्या तुर्की किनाऱ्यावरून बोटीने आलेले पाहुणे आमच्या गावात उतरत, आणि पांदेलिस त्यांना आपलं ठरलेलं वाक्य ऐकवत असे.

"ही माझी बायको, इसिदोरा. एकसष्ट वर्षांची आहे. सहाव्या वर्षापासून मस्तकी चघळते. आणि आजपर्यंत एकदासुद्धा हिचं पोट दुखलेलं नाही!"

दुभाषी मुलगी ते तुर्कीत सांगायची, पाहुण्यांमधल्या बायका कौतुकाने माना डोलवायच्या, कोणीतरी फोटो काढायचं. इसिदोरा टेबलाशी बसलेली असायची. हातातली छोटी सुरी थांबवून ती वर बघायची, हसायची, आणि समोरच्या ढिगातला मस्तकीच्या डिंकाचा एक स्वच्छ खडा उचलून तोंडात टाकायची. मग लोक रांगेने शेजारच्या खोलीत जाऊन पुड्या विकत घ्यायचे. हे सगळं वीस मिनिटांत आटपायचं. पाहुणे गेले की ती तोंडातला तो खडा हळूच कागदात काढून ठेवायची आणि उजव्या कानापुढे दोन बोटं दाबून धरायची.

हे वाक्य पहिल्यांदा निघालं ते बारा वर्षांपूर्वी, आणि तेव्हा ते अगदी खरं होतं. त्यामुळे पांदेलिसला खोटारडा म्हणायचं कारण नाही. माणूस बरा आहे. कष्टाळू आहे, दारू बेताची पितो, झाडांवर पोटच्या पोरासारखी माया करतो. फक्त एखाद्या वाक्याला एकदा टाळी मिळाली की ते मागे घेणं त्याच्या जिवावर येतं. असे लोक सगळ्याच गावांत असतात म्हणा.

मस्तकी आमच्या बेटाच्या फक्त दक्षिणेच्या गावांत होते. झाडं उत्तरेकडेही आहेत, पण तिकडे डिंक गळत नाही, त्याला कोण काय करणार! उन्हाळ्यात झाडाखालची जमीन झाडून पांढरी माती अंथरायची, सालीला बारीक बारीक चिरे पाडायचे, मग वाट बघायची. डिंक थेंबाथेंबाने खाली पडतो, वाळतो, मग वाकून वाकून वेचायचा. यातलं बरंच काम पुरुष करतात, आणि ते करतात हे सगळ्या जगाला सांगतात. पण तो वेचलेला माल घरी येतो तेव्हा त्यात माती, साल, पानं, मुंग्या, सगळंच असतं. तो हिवाळाभर बसून साफ करायचा. एकेक खडा हातात घ्यायचा, सुरीच्या टोकाने खरवडायचा, बाजूला ठेवायचा. हे काम बायकांचं. आणि मस्तकीला ऊब सोसत नाही. खोली जरा तापली की खडे एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होतो, मग वर्षभराची मेहनत पाण्यात. म्हणून जानेवारीतसुद्धा त्या खोलीत शेगडी पेटत नाही. गुडघ्यांवर घोंगडी, डोक्याला रुमाल, हातावर मातीची पांढरी पूड, आणि तोंडात एक खडा. आई तशी बसायची, सासू तशी बसली, इसिदोराही तशीच बसत आली.

तो खडा सुरुवातीला कडू लागतो. दाताखाली त्याचा भुगा होतो, भुगा जिभेने गोळा करायचा, मग हळूहळू त्याचा पांढरा घट्ट गोळा बनतो. दुकानातल्या च्युइंगमसारखं ते लिबलिबीत नसतं, चांगलंच चिवट असतं. आणि चव गेली तरी चिवटपणा जात नाही. सकाळी बसल्यावर तोंडात टाकलेला खडा जेवायच्या वेळी काढायचा, जेवण झालं की दुसरा. काम करताना तोंड चालू असलं की हात चालू राहतात, अशी समजूत. शिवाय पोटाला चांगलं, दाताला चांगलं, तोंडाला वास येत नाही. आमच्याकडे कोणाचं पोट दुखलं की कोणी डॉक्टरचं नाव काढत नाही. डॉक्टरच जगाला मस्तकी लिहून देतात असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. मग मस्तकी पिकवणाऱ्याने डॉक्टरकडे जायचं कशाला? लोक काय म्हणतील!

इसिदोराचा जबडा दुखायला लागला त्याला दीड वर्ष झालं. आधी नुसतंच कट कट वाजायचं. मग कानात कळ मारायला लागली, मग सकाळी तोंड पूर्ण उघडेना. बंदरावरच्या औषधवाल्याने दुखण्याच्या गोळ्या दिल्या. गोळी फारच गुणाची निघाली. जबडाही मोकळा झाला, आणि वर कंबर आणि गुडघे फुकटात मोकळे झाले. ती गोळी ती सकाळी कॉफीबरोबर घ्यायला लागली, मग दुपारीही. शनिवारी पाहुण्यांसमोर चघळून दाखवायचं असायचं, त्या दिवशी एक जास्त.

त्यानंतर काही महिन्यांनी बरगड्यांच्या मधे आग पेटल्यासारखं व्हायला लागलं. पहाटे तर विशेष. अंथरुणात ती दोन्ही गुडघे पोटाशी घेऊन पडून राहायची, शेजारी पांदेलिस घोरत असायचा. ती उठायची, पाण्यात चमचाभर मस्तकीची भुकटी ढवळून प्यायची, एक खडा तोंडात टाकायची, आणि खरंच, अर्ध्या तासात बरं वाटायचं. मस्तकीला गुण आहेच. आहे म्हणून तर घोटाळा झाला. अजिबात बरं वाटलं नसतं तर ती महिन्याभरात कोणालातरी बोलली असती. थोडं बरं वाटत राहिलं, म्हणून ती वर्षभर मूग गिळून बसली.

आणि सांगणार कोणाला? दर शनिवारी नवरा चारचौघांत छाती पुढे काढून सांगतो, हिचं पोट कधी दुखलेलं नाही. त्याला घरी येऊन म्हणायचं, अरे, दुखतंय? त्याचं तोंड कसं होईल ते तिला दिसायचं. ती त्याची अब्रू जपत होती. दुसऱ्याची अब्रू आपल्या पोटात जपायची म्हणजे काय असतं ते बायकांना सांगायला नको.

थकव्याचं तर तिने मनावरच घेतलं नाही. आमची घरं दगडी, उंच, राहायची खोली वर. तो जिना ती एका दमात चढायची, आता मधे दोनदा थांबायची. पाण्याची बादली भरली की डोळ्यांसमोर काजवे चमकायचे. जेवायला बसली की घास उचलायचाही कंटाळा यायचा. एकदा ती शेजारणीला, स्मारोला, म्हणाली, "अगं, मला हल्ली फार थकल्यासारखं होतं." स्मारो गुडघ्यावरची घोंगडी सारखी करत म्हणाली, "मग? मी काय इथे नाचतेय का?" विषय तिथेच संपला. जानेवारीत थकलेली नाही अशी बाई आमच्या गावात शोधून दाखवावी कोणी.

त्या वर्षी सरकारने आमच्याकडे एक नवीन डॉक्टरीण पाठवली होती. आर्तेमिस तिचं नाव. डोंगराकडच्या मुलखातली, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, केस मुलासारखे कापलेले. शिक्षण संपल्यावर एक वर्ष खेड्यात काढावं लागतं म्हणून आलेली. आठवड्यातून दोन दिवस ती आमच्या दवाखान्यात बसायची, आणि बसून बसून कंटाळायची, कारण म्हाताऱ्यांच्या रक्तदाबाशिवाय तिच्याकडे फारसं काही येत नव्हतं. एका मंगळवारी दुपारी ती उठून सरळ बायका मिळून खडे साफ करतात त्या खोलीत आली. काम बघायचंय म्हणाली. तोंडात च्युइंगम, गालात गोळा.

"काय चघळतेस गं ते?" स्मारोने लगेच पकडलं.

"पुदिन्याचं आहे, मावशी. देऊ का?"

"मस्तकीच्या गावात पुदिन्याचं! तुला कोणी काही बोललं नाही?"

"बोलतात की. म्हणून तर लपवून चघळते."

बायका हसल्या. स्मारोने हात पुढे केला आणि पाकीट मागून घेतलं. चष्मा नाकावर ओढून तिने मागची बारीक अक्षरं वाचायला घेतली. "गम बेस. गोडीसाठी हे, गोडीसाठी ते. ग्लिसरीन. वास. रंग. काय गं, गम बेस म्हणजे काय?"

"ते कंपन्या नीट सांगत नाहीत," आर्तेमिस म्हणाली. "रबर असतं कारखान्यात केलेलं, मेण असतं, मऊ राहावं म्हणून अजून काहीबाही. सायकलच्या ट्यूबच्या नात्यातलंच म्हणा."

"अगं बाई! आणि शिकलीसवरलेली माणसं ट्यूब चघळतात!"

"गिळत नाही ना आम्ही. आणि चुकून गिळलं तरी दोन दिवसांत बाहेर पडतं, ते सात वर्षं पोटात राहतं वगैरे सगळं खोटं. उलट साखर नसली तर दातांना बरंच असतं ते. लाळ सुटते, लाळेने दात धुतले जातात. तुमच्या मस्तकीचंही तेच. फक्त दिवसभर चघळायचं नाही. पोटात हवा जाते, गोड घातलेलं असलं तर जुलाब होतात, आणि हा इथला सांधा..." तिने स्वतःच्या कानापुढे बोट ठेवलं आणि बोलता बोलता इसिदोराकडे बघितलं.

इसिदोराची दोन बोटं तिथेच होती.

डॉक्टरीण वाकून इसिदोराच्या शेजारी बसली, एक खडा कसा साफ करायचा ते विचारलं, आणि सुरी घ्यायच्या निमित्ताने तिचा हात हातात घेतला. मातीच्या पुडीमुळे सगळ्यांचेच हात पांढरे, त्यामुळे नखं कोणाच्या नजरेला आली नव्हती. आर्तेमिसने अंगठ्याने पूड पुसली. पूड गेली तरी नखं पांढरीच. मग तिने काही न विचारता इसिदोराच्या डोळ्याखालची कातडी खाली ओढून आत बघितलं.

"उद्या सकाळी नऊ वाजता माझ्याकडे या, मावशी."

"उद्या कसं जमेल? शनिवारचा माल..."

"नऊ वाजता. नाही आलात तर मी इथे येईन आणि सगळ्यांसमोर विचारीन."

ही धमकी मात्र लागू पडली.

दवाखान्यात इसिदोरा खुर्चीच्या कडेवर बसली, पर्स मांडीवर धरून, बसची वाट बघत असल्यासारखी. काय होतं म्हणून विचारलं तर ती म्हणाली, काही नाही, जरा थकते. जबड्याचं सांगितलं. गोळीचं सांगितलं, गोळीचं कौतुकही केलं. पोटाबद्दल विचारल्यावर पर्सची कडी उघडझाप करायला लागली.

"मावशी, इथे पाहुणे नाहीत," आर्तेमिस म्हणाली.

इसिदोराने मग सांगितलं. इतक्या हळू सांगितलं की डॉक्टरणीला खुर्ची पुढे ओढावी लागली. वर्ष झालं, पहाटे आग होते, भुकटी घेते, खडा चघळते, बरं वाटतं, पुन्हा होतं.

"शौचाला कशी होते?"

"हे काय विचारणं झालं!"

"काळी होते का?"

"हिवाळ्यात आम्ही रानभाज्या खातो पुष्कळ."

"डांबरासारखी काळी? चिकट?"

इसिदोराने मान खाली घातली. आर्तेमिसने बोट टोचून रक्ताचा थेंब यंत्रात घातला, आकडा बघितला, आणि पुन्हा एकदा दुसऱ्या बोटाचं रक्त घेतलं. मग तिने टेबलावर बोटाने एक मोठा गोल काढला.

"हे बघा. तुम्ही दिवसभर चघळता, म्हणून जबडा दुखतो. जबड्यासाठी गोळी घेता. ती गोळी पोटाचं आतलं कातडं खाते. पोटात आग होते म्हणून तुम्ही आणखी चघळता. मग जबडा आणखी दुखतो, मग आणखी एक गोळी. मस्तकीचा दोष नाही यात, मस्तकी बिचारी जमेल तेवढं सांभाळत होती. पण पोटात जखम झालीय, आणि त्यातून रोज थोडं थोडं रक्त जातंय. वर्षभर. निम्मं रक्त राहिलंय तुमच्या अंगात. मी तुमच्या जागी असते तर खाटेवरून उठू शकले नसते, आणि तुम्ही जिने चढताय, खडे घासताय!"

इसिदोरा त्या टेबलाकडे बघत राहिली. बोटाने काढलेला गोल तिथे दिसत नव्हता, पण तिला दिसला. एवढा वेळ आपण त्यात फिरत होतो तर. तिला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही आलं, आणि दोन्हींची ताकद नव्हती म्हणून ती नुसतीच बसून राहिली.

"आजच्या आज शहरातल्या हॉस्पिटलात जायचं. नळी घालून आत बघतील, रक्त चढवतील."

"शनिवार होऊ दे, पोरी. तीनच दिवस."

"शनिवारपर्यंत जखम मोठी फुटली तर तुम्ही टेबलावरच पडाल. मग तुमचे यजमान पाहुण्यांना काय सांगतील?" आर्तेमिस चिठ्ठी लिहीत होती, लिहिता लिहिता बोलत होती, आणि तरुण माणसं बोलतात तसं पुढचा विचार न करता बोलून गेली. "आणि परत आल्यावर रोज सकाळी ही आम्ल कमी करणारी गोळी. काही घाबरायचं नाही, तुमचे यजमान घेतात तीच..."

पेन थांबलं. आर्तेमिसचे कान लाल झाले.

"कोण घेतं?" इसिदोराने विचारलं.

"मी असं सांगायला नको होतं. मावशी, मला माफ करा. खरंच चुकलं माझं."

"कधीपासून?"

डॉक्टरणीने चिठ्ठीत डोकं घातलं. पण कागदपत्रांच्या कपाटात पांदेलिसच्या नावाचा चांगला जाड लखोटा होता, तिकडे तिची नजर गेलीच.

घरी पांदेलिस जेवायला बसला होता. तिच्याकडे न बघता म्हणाला, "शनिवारी दोन बोटी येणार आहेत. तो निळा रुमाल बांध, फोटोत चांगला दिसतो."

"मी हॉस्पिटलात जातेय. खाली डॉक्टरीणबाई गाडी घेऊन थांबलीय."

"का? काय झालं?"

"पोट."

"पोट?" तो आधी हसलाच. मग तिच्या तोंडाकडे बघून त्याचा घास हातात राहिला. आणि मग त्याने जे पहिलं विचारलं ते त्याला जन्मभर पुरेल. त्याने विचारलं, "कोणाकोणाला सांगितलंस?"

भांडायला अंगात रक्त लागतं. इसिदोराने कपाटातून रात्रीचा झगा आणि चपला पिशवीत भरल्या. खुर्चीच्या पाठीला त्याचा कोट लटकत होता. तिने आतल्या खिशात हात घातला आणि गोळ्यांचं पाकीट काढून त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. अर्धं संपलेलं होतं. मग ती जिना उतरायला लागली, कठड्याला धरून, मधे दोनदा थांबत, आणि तो मागून "इसिदोरा, ऐक तर, इसिदोरा" म्हणत उतरत होता.

हॉस्पिटलात नळी घालून बघितलं तर जखम होती, चांगली बदामाएवढी. पहिल्या दिवशी रक्ताच्या दोन पिशव्या लागल्या, दुसऱ्या दिवशी आणखी एक. तिथला डॉक्टर म्हणाला, आठवडाभर उशीर झाला असता तर कठीण होतं. ही बातमी ऐकून पांदेलिस बाहेरच्या बाकावर डोकं धरून बसला. आत आला तेव्हा डोळे सुजलेले होते. त्याने खाटेशेजारची खुर्ची ओढली आणि टोपी फिरवत बसला.

"मला का नाही सांगितलंस?" शेवटी तो म्हणाला.

"तू का नाही सांगितलंस?"

"चार वर्षं झाली. एकदा उलटीत रक्त पडलं होतं, घाबरलो. तेव्हा आपल्या दवाखान्यात जो डॉक्टर होता त्याच्याकडे गुपचूप गेलो. तो म्हणाला, जन्मभर गोळी घ्यावी लागेल. आता तूच सांग, मी कोणाला काय सांगू? दर शनिवारी मी लोकांना..."

"मला सांगायचं होतंस."

"तुला सांगितलं असतं तर तू काळजी केली असतीस."

"पांदेली," ती म्हणाली, आणि उठून बसायला बघत होती पण हाताला सुई होती. "तुझी अब्रू जाऊ नये म्हणून मी वर्षभर पहाटे गुडघे पोटाशी घेऊन पडले. माझ्या शेजारी तू झोपलेला असायचास, गोळी खाऊन. मला दुखत नाही म्हणून तू सांगायचास, आणि दुखत नव्हतं ते तुला."

तो रडायला लागला, मोठी माणसं रडतात तसा, तोंड वेडंवाकडं करून. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने पाठ फिरवली. इसिदोराने त्याला रडू दिलं. तिला त्याची दया आली नाही असं नाही, पण दया करायलाही ती थकलेली होती, आणि तसं तिने त्याला स्पष्ट सांगितलं.

"मी थकलेय, पांदेली. उगाच म्हणत नाही. मी थकलेय. आता तू एक कर. शनिवारी जा, आणि खरं ते सांग. तुझंही आणि माझंही. ते होईपर्यंत मी घरी येत नाही. इथे रक्त देतात, सूप देतात, वर शेगडीही आहे."

"गावातले मला फाडून खातील."

"खाऊ देत. मस्तकी लावून खातील."

पुढचं सगळं तिला स्मारोने फोनवर सांगितलं. मंगळवारी दुपारी फोन आला, आणि स्मारोचं नेहमी असतं तसं तीन गोष्टींचं बोलणं एकदमच सुरू झालं.

"अगं, दोन बोटींची माणसं, खोलीत मावेनात! त्याने सुरुवात केली, ही माझी बायको, आणि टेबलाकडे हात केला, तर तिथे मी बसलेली! एक पाहुणी हसली. तो थांबला. मला वाटलं याला चक्कर येतेय. मग म्हणाला, माझी बायको हॉस्पिटलात आहे. तिच्या पोटातून वर्षभर रक्त जात होतं आणि मला माहीत नव्हतं. माझंही पोट दुखतं, चार वर्षं झाली, मी गोळी घेतो. मस्तकी चांगली आहे, आम्ही तिच्यावर जगतो, पण पोट दुखलं तर डॉक्टरकडे जा, असं म्हणाला. ती दुभाषी पोरगी माझ्याकडे बघते, हे सांगू का नको! मी म्हटलं, सांग, सांग, आता काय राहिलंय."

"मग?"

"मग काय, पुरुषमंडळी पेटली. कॉफीच्या दुकानात नुसता गोंधळ. कोणी म्हणतो, धंद्यावर नांगर फिरवलास, कोणी म्हणतो, तुला बोलायला उभं केलं ते आमचंच चुकलं. तो मान खाली घालून बसला. आणि गंमत सांगू? पाहुण्यांनी पुड्या घेतल्याच. नेहमीसारख्याच. एक बाई तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेली."

इसिदोराने डोळे मिटले. खिडकीतून बंदराचा आवाज येत होता. आपल्याला आनंद झाला का ते तिने चाचपून बघितलं. आनंद नव्हता, फक्त आतलं काहीतरी सैल झालं होतं.

"ऐकतेयस ना?" स्मारो म्हणाली. तिचा आवाज जरा खाली आला. "खरं तर दुसरंच सांगायला फोन केला. आज डॉक्टरीणबाईच्या दवाखान्यापुढे रांग होती. चर्चच्या भिंतीपर्यंत. सगळ्या बायका."

"अगं बाई! काय झालं? साथ आलीय का कसली?"

"नाही गं. कोणाला काही झालेलं नाही. सगळ्या एवढंच म्हणत होत्या, काही नाही, जरा थकल्यासारखं वाटतं."

इसिदोराने फोन दुसऱ्या कानाला लावला. पलीकडून स्मारोचा श्वास ऐकू येत होता.

"आणि तू, स्मारो?"

"माझा पाचवा नंबर होता."